तळहात आणि मळहात

या अंकासाठी मंडळाने मला डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर लिहायला सांगितलं होतं. विषय सोपा वाटला. सोलापूर आम्हा हैदराबादच्या मराठी लोकांना परकं नाही, निम्मे नातेवाईक तिकडचेच. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांत कोटणीस होते, ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले, आणि त्यांची समाधी आज शिच्याच्वांग नावाच्या शहरात आहे. हे शहर नेमकं कुठे, ते बघायला नकाशा उघडला आणि तिथेच घोटाळा झाला. शहराच्या उत्तरेला एक नदी आहे. ती ओलांडली की झंगडिंग नावाचं जुनं गाव लागतं. त्या गावाबद्दल वाचता वाचता तिथला एक वैद्य भेटला, ली दोंगयुआन. जन्म ११८०, मृत्यू १२५१. चीनमध्ये वैद्यकी शिकणाऱ्या प्रत्येकाला हे नाव माहीत असतं. त्याचं सगळं नाव झालं ते एकाच गोष्टीवर: न उतरणारा, फार न चढणारा, माणसाला आतून पोखरणारा ताप.

त्या दिवसांत जामबागेतल्या आमच्या घरी थर्मामीटर रोज संध्याकाळी ९९.६ दाखवत होता. आईचा ताप. म्हणून कोटणीस मागे राहिले.

आई पोळ्यांच्या ऑर्डरी घेते. पहाटे चारला तवा पेटतो, कोठीच्या दुकानांतले डबे अकराला जातात, आणि ती स्वतः जेवते सगळ्यांचं झाल्यावर, उरलंसुरलं. ताप म्हणायलाही तिला लाज वाटायची. नुसती कणकण आहे, एवढंच सांगायची. पहिले डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे. दुसऱ्यांनी थायरॉइडची तपासणी करून घेतली, तीही ठीक निघाली. तिसऱ्यांनी टेन्शनवर बोट ठेवलं. पाच आठवडे झाले होते, आणि प्रत्येकाची गोळी वेगळी.

लीच्या आयुष्याची सुरुवातही अशीच आहे, म्हणून मी खिळून वाचत गेले.

त्याचं घर श्रीमंत, गावात वजन असलेलं. पोरगा मात्र जरा जास्तच सोवळा. एकदा मित्रांनी गंमत म्हणून एका नाचणारणीला त्याच्या अंगरख्याला झोंबायला लावलं, तर याने तो अंगरखा काढून जाळून टाकला. (असा मित्र आपल्या वर्गात असता तर आपण त्याला फार छळलं असतं, हे मी मान्य करते.) पण दुष्काळात लोक गाव सोडून निघाले तेव्हा त्याने मदतीसाठी जीव टाकला आणि पुष्कळ माणसं जगवली, हेही त्याच्या जुन्या चरित्रात लिहिलेलं आहे.

ली तरुण असताना त्याची आई आजारी पडली. पैशाला तोटा नव्हता, म्हणून वैद्यांवर वैद्य आले. एकाने आजार उष्ण ठरवला, दुसऱ्याने थंड. सगळ्यांची औषधं एकामागून एक पोटात गेली. आई गेली, आणि रोगाचं नावसुद्धा कोणाला सांगता आलं नाही. या गोष्टीचा त्याला जन्मभर डंख राहिला. आपल्याला वैद्यक येत नव्हतं म्हणून आई गेली असं त्याने स्वतःशी ठरवलं, आणि मोठी रक्कम घेऊन तो यीजोऊच्या झांग युआनसूकडे शिकायला गेला.

हे गुरूही मजेदार. सरकारी परीक्षेच्या पेपरात त्यांनी बादशाही घराण्याच्या नावातलं एक निषिद्ध अक्षर लिहिलं आणि नापास झाले. मग वैद्यकाकडे वळले. परीक्षेत आपटलेल्या माणसाला जुन्या पोथ्यांचा धाक कमी वाटत असावा. जुनी औषधं आजच्या रोगांना जशीच्या तशी लागू पडत नाहीत, असं ते उघड शिकवायचे. लीने तो गुण उचलला.

पण शिकून त्याने दुकान थाटलं नाही. पैसे भरून जीयुआन गावी करवसुली अधिकाऱ्याची जागा मिळवली. १२०२ मध्ये तिथे एक साथ आली, तिच्यात डोकं आणि चेहरा सुजून माणसं मरत. करवसुलीवाल्याने एक काढा बसवला. तो इतका लागू पडला की लोकांनी त्याची कृती लाकडावर कोरून रहदारीच्या जागी लावली. पुष्कळांना ती कोणा सिद्धपुरुषाची देणगी वाटली होती.

मग उत्तरेत मंगोलांच्या स्वाऱ्या वाढल्या आणि ली दक्षिणेला, जिन राज्याच्या राजधानीत, म्हणजे आजच्या कायफंगमध्ये जाऊन राहिला. इथून पुढचं वाचताना मला थांबावं लागलं.

१२३२ च्या वसंतात मंगोलांनी कायफंगला वेढा घातला. शहरात आसपासची लाखो माणसं घुसलेली. अन्न संपत आलं. वेढा उठला, आणि रोगराई सुरू झाली. शहराला बारा वेशी होत्या. लीने लिहून ठेवलंय की प्रत्येक वेशीतून दिवसाला जास्तीत जास्त दोन हजार आणि कमीत कमी एक हजार प्रेतं बाहेर जायची, आणि हे जवळजवळ तीन महिने चाललं. जिन घराण्याच्या इतिहासात पन्नास दिवसांत नऊ लाखांवर प्रेतं बाहेर निघाल्याची नोंद आहे, आणि त्यात पुरणंही न परवडलेले गरीब धरलेले नाहीत. आकडे फुगवलेले असतीलही. काही इतिहासकारांना ती साथ प्लेगची वाटते.

शहरातले वैद्य मात्र एकच गोष्ट करत होते. त्यांच्यापुढे हजार वर्षांपूर्वीचा, झांग झोंगजिंगचा ग्रंथ होता, ‘शांगहान लुन’, म्हणजे थंडीच्या आघाताने होणाऱ्या तापांचं शास्त्र. ताप आला म्हणजे बाहेरची थंडी शरीरात घुसली, तेव्हा घाम काढा, जुलाब द्या, तिला हाकलून लावा. या औषधांनी माणसं आणखी पटापट जात होती.

लीचा प्रश्न साधा होता. लाखो लोकांना एकाच वेळी थंडी कशी बाधेल? त्यापेक्षा या माणसांचं गेल्या काही महिन्यांत काय झालं ते बघा. ती उपाशी होती. भिंतींवर राबत होती, रात्र रात्र जागत होती, भीतीने अर्धी झाली होती. मग वेढा उठला आणि रिकाम्या, चिंबलेल्या पोटात त्यांनी मिळेल ते कोंबलं. हा ताप बाहेरून आलेला नाही, आतून उठलेला आहे, असा त्याचा निष्कर्ष.

त्याचं सांगणं आपल्या भाषेत मांडायचं तर असं. शरीराच्या मधोमध जठर आणि प्लीहा, चिनी हिशेबात ती माती. सगळं बळ तिथे शिजतं आणि वर चढतं. उपासमार, अतिश्रम, चिंता यांनी ही माती खचली की बळ वर जायच्या ऐवजी खाली बसतं, आणि खालची आग मोकाट वर येते. तिला तो यिन-आग म्हणतो. ती भडकत नाही, धुमसते. अशा आगीवर कडू, थंड औषध ओतलं तर आधीच खचलेलं जठर पार बसतं. म्हणून तापावर त्याने चक्क गोड आणि उष्ण औषधं दिली. हुआंगछी नावाचं मूळ, जिनसेंग, ज्येष्ठमध, संत्र्याची वाळलेली साल आणि आणखी चार वनस्पती. मध्य सावरून बळ वर उचलणारा हा काढा चीनमध्ये आजही दिला जातो. तिथल्या वैद्यकीच्या पाठ्यपुस्तकांत ‘आतल्या इजेचा ताप’ असं वेगळं प्रकरणच असतं. त्यात थकल्यावर वाढणारा ताप निराळा, मन कोंडल्याने येणारा निराळा, आणि दुपारनंतर चढून रात्री घाम आणणारा आणखी निराळा.

हे आपल्याला फार परकं वाटू नये. चरकाचा जीर्णज्वरही असाच: नव्या तापाला लंघन, पण ताप जुना झाला, माणूस रोडावला की दूध आणि तूप. आमची आजी चरक वाचायला गेली नव्हती, तरी एवढं तिला ठाऊक होतं.

माझं खरं मन बसलं ते लीच्या परीक्षांवर. बाहेरचा ताप आणि आतला ताप कसा ओळखायचा, याची त्याने एकेक खूण लिहिली. बाहेरच्या तापात मळहात (आमची आजी हाताच्या मागच्या बाजूला मळहात म्हणायची) तापतो, आतल्या तापात तळहात. बाहेरच्या तापाची हुडहुडी दुलईने जात नाही, आतल्याची साधी शाल घेतली की जाते. एकात डोकं सतत दुखतं, दुसऱ्यात थांबून थांबून. एकात आवाज जड आणि जोरकस, दुसऱ्यात बोलायचाच कंटाळा. एकात जेवण नको वाटतं पण चव कळते, दुसऱ्यात चवच जाते. आठशे वर्षांपूर्वी, प्रेतांच्या रांगा चालू असताना कोणीतरी रोग्याचा हात हातात घेऊन दोन्ही बाजू चाचपत होता, हे माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

त्या संध्याकाळी मी आईचा हात घेतला. तळहात गरम, मळहात गार. शाल घेतली की तिला बरं वाटायचं. तोंडाला चव नव्हतीच. झालं, मला उत्तर मिळालं! आई थकली आहे. आईला कोणी जेवू घालत नाही. मी बाबांना लेक्चर दिलं, आठवडाभर पोळ्यांना सुट्टी दिली, शिरा केला, आणि चौथ्या डॉक्टरची ठरलेली वेळ रद्द करून टाकली. रिपोर्टांवर पैसे घालवायचे नक्को, मलाच कळलंय, असा माझा थाट.

यात सोळा दिवस गेले. हे लिहायला सोपं नाही.

मग वेणी घालून देताना तिच्या मानेला, कानाखाली, बोराएवढी गाठ हाताला लागली. सुई घालून तपासणी झाली. गाठीचा क्षयरोग. सहा महिन्यांची औषधं सरकारी केंद्रातून फुकट मिळतात, ती सुरू झाली.

लीला जंतू माहीत नव्हते, कोणालाच नव्हते. कॉखने क्षयाचा जंतू दाखवला १८८२ मध्ये. लीच्या काढ्याने आईची गाठ गेली नसती. त्याच्यावर मी चिडले होते, पण ते अन्यायाचं होतं. त्याने आयुष्यभर सांगितलं ते फरक करायला, एका पुस्तकाच्या भरवशावर सगळ्यांना एकच कारण चिकटवू नका म्हणून. आणि मी त्याचंच पुस्तक घेऊन नेमकं तेच केलं.

गंमत म्हणजे केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो जेवणाचा. मग वजन केलं. ४१ किलो. क्षयरोग्यांना आहारासाठी सरकार महिन्याला पैसे देतं. आधी ५०० मिळायचे, २०२४ च्या अखेरीपासून १००० झाले. नंतर मी वाचलं की झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या घरच्यांना जादा शिधा देऊन पाहिला, आणि त्या घरांत नवे रोगी चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी झाले. हा अभ्यास २०२३ मध्ये छापून आला. जंतू बाहेरून येतो हे खरं, पण तो कोणाच्या अंगात घर करतो, हे कायफंगच्या भिंतीखाली ली विचारत होता तसंच अजून विचारावं लागतं.

लीचं पुढचं आयुष्य भराभर सांगते. तो कायफंगमधून निसटला, काही वर्षं शांतुंगकडे राहिला आणि १२४४ मध्ये घरी परतला. आतल्या-बाहेरच्या तापाच्या फरकावरचं लिखाण सोळा वर्षं तसंच फळीवर पडून होतं. म्हातारपण आलं, बोलायचाही कंटाळा यायला लागला, तेव्हा १२४७ मध्ये त्याने ते पुरं केलं. १२४९ मध्ये जठर-प्लीहेवरचा मोठा ग्रंथ झाला. शिष्य हवा होता. लुओ थ्येनयी नावाचा गरीब तरुण आला, तेव्हा त्याला विचारलं की पैसा मिळवणारा वैद्य व्हायचंय की विद्या पुढे नेणारा. पोरगा विद्या म्हणाला. मग लीने त्याचं जेवणखाण स्वतःच्या अंगावर घेतलं. तीन वर्षांनी, घरच्या ओढीने हा मध्येच सोडून जाईल या काळजीने, त्याच्या बायकोच्या खर्चासाठी वीस टेल चांदी हातात ठेवली. घेणं अवघडलं तर रागावून घ्यायला लावली. गुरूकडे आधी स्वतः पैसे नेणारा माणूस शेवटी शिष्यालाच पैसे देत होता. मरायच्या आधी त्याने सगळी हस्तलिखितं नीट लावून लुओच्या हवाली केली. पुढची पुस्तकं लुओने बाहेर काढली.

आईचा हा चौथा महिना. ताप तिसऱ्या आठवड्यातच गेला, वजन ४४ वर आलंय. तवा आता पहाटे चारला नाही, साडेपाचला पेटतो, आणि पहिल्या दोन पोळ्या तिच्या. त्या ती मुकाट्याने खात नाही. मी समोर बसते तेव्हा खाते. मी कॉलेजला लवकर निघाले की त्या डब्यात जातात असा मला संशय आहे. कोटणीसांवरचा लेख पुढच्या अंकात नक्की.