पास्कलच्या कोटाचे अस्तर

उंचीवर हवेचा दाब घटतो, हे ब्लेझ पास्कलने १६४८ मध्ये मेव्हण्याला पाऱ्याच्या नळ्या घेऊन डोंगरावर पाठवून दाखवून दिले. स्वतः तो तरुणपणापासून आजारी; डोकेदुखी आणि पोटदुखी पाठ सोडत नसत. वडील वारले, धाकटी बहीण जॅकलीन मठात गेली. संभाव्यतेचे गणित मांडणाऱ्या पास्कलला १६५४ मध्ये वाटत होते, देवाने आपल्याला टाकले. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरच्या रात्री सुमारे दोन तास त्याला ख्रिस्ताच्या सान्निध्याचा उत्कट अनुभव आला. तो त्याने लिहून ठेवला, कुणाला सांगितला नाही. दुखणे हटले नाहीच. १६५८ मध्ये दातदुखीने झोप उडाली, तेव्हा गडी भूमिती सोडवत बसला! १६६२ मध्ये, ३९व्या वर्षी तो वारला. नोकराला कोटाचे अस्तर जाड लागले. उसवल्यावर त्या रात्रीचा कागद निघाला.