घशातील जिवाणूची ओळख पटवणाऱ्या रिबेका लान्सफील्ड

बेंगळुरूच्या येलहंका उपनगरातील दवाखाना असो की नागपूरचे रुग्णालय, मुलाच्या घशातील स्रावाच्या तपासणी अहवालात अ गटाचा स्ट्रेप्टोकोकस अशी नोंद येते, तेव्हा त्यामागे अमेरिकी संशोधिका रिबेका लान्सफील्ड यांचे सहा दशकांचे परिश्रम असतात.

5 जानेवारी 1895 रोजी न्यूयॉर्कमध्ये एका लष्करी अधिकाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. 1918 मध्ये त्या रॉकफेलर संस्थेत साहाय्यक म्हणून रुजू झाल्या. लष्करी छावण्यांतील रुग्णांकडून मिळालेले स्ट्रेप्टोकोकस एकाच जातीचे नसून त्यांचे निरनिराळे प्रकार आहेत, हे त्यांनी सहकाऱ्यांसह सिद्ध केले.

1922 पासून त्यांनी संधिज्वर, म्हणजेच ऱ्हुमॅटिक फीवर, या विकाराकडे लक्ष वळवले. त्या काळी प्रतिजैविके नव्हती. मुलाचा सुजलेला घसा बरा होई. परंतु काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी सांधेदुखी व ताप येई आणि हृदयाच्या झडपांना कायमची इजा होई. 1933 मध्ये लान्सफील्ड यांनी या जिवाणूंची गटवारी प्रसिद्ध केली. मानवी घशाचा हा संसर्ग प्रामुख्याने अ गटामुळे होतो, हे त्यातून स्पष्ट झाले. जिवाणूवरील एम प्रथिनाचे अनेक प्रकार असून प्रतिकारशक्ती त्या-त्या प्रकारापुरतीच निर्माण होते, हेही त्यांनी दाखवून दिले. एकाच मुलाला हा संसर्ग पुन्हा का होतो, याचा उलगडा त्यामुळे झाला.

पुढे पेनिसिलिन आले. भारतात 1955 मध्ये पुण्याजवळील पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात त्याचे उत्पादन सुरू झाले. अ गटाचा स्ट्रेप्टोकोकस आजही पेनिसिलिनला दाद देतो. घसादुखी सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत उपचार झाल्यास संधिज्वर टाळता येतो.

मुलांची बहुतांश घसादुखी मात्र विषाणूंमुळे होते. खोकला, वाहणारे नाक व बसलेला आवाज ही त्याची लक्षणे होत. तेथे प्रतिजैविकांचा उपयोग नाही. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाला अचानक ताप आला, गिळताना वेदना झाल्या, टॉन्सिलवर पांढरे डाग दिसले, मानेच्या गाठी दुखऱ्या झाल्या आणि खोकला नसला, तर डॉक्टरांकडून घशाची तपासणी करून घ्यावी. पेनिसिलिनच्या गोळ्या किंवा पातळ औषध दिल्यास ते साधारणपणे दहा दिवस घ्यावयाचे असते. ताप उतरला म्हणून मध्येच थांबवू नये. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. श्वास घेण्यास त्रास होत असल्यास किंवा लाळही गिळता येत नसल्यास मुलाला तातडीने रुग्णालयात न्यावे.

लान्सफील्ड 1961 मध्ये अमेरिकी रोगप्रतिकारशास्त्रज्ञ संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. 3 मार्च 1981 रोजी वयाच्या 86 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. भारतात संधिज्वराने जडलेला हृदयविकार अद्याप पूर्णतः हटलेला नाही. त्यामुळे घसादुखीचे कारण आधी ओळखावे आणि मगच औषध द्यावे, हा त्यांच्या संशोधनाचा धडा आजही तितकाच मोलाचा आहे.