सावित्रीमाईंचा यशवंत : जीव वाचवल्यानंतरची जबाबदारी

१० मार्च हा क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांचा स्मृतिदिन. मुलींची शाळा आणि अंगावर झेललेले शेण आपण दरवर्षी आठवतो. त्यांच्या घरात वाढलेल्या यशवंतची हकिकत मात्र मागेच राहते.

३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावात सावित्रीमाईंचा जन्म झाला. १८४० मध्ये जोतीरावांशी विवाह झाला आणि १८४८ पासून त्या पुण्यात शिकवू लागल्या. त्या काळी ब्राह्मण विधवेला रूढीने पुनर्विवाह नाकारला होता. कुणी फसवले तरी दोष तिचाच. मग जन्मलेल्या बाळाचा जीव घ्यायचा, नाहीतर स्वतःचा द्यायचा, एवढेच तिच्यापुढे उरे. म्हणून १८६३ मध्ये फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. तिथे विधवेने गुपचूप येऊन बाळंत व्हावे, हवे तर मूल ठेवून जावे. या बाया-बाळांची काळजी सावित्रीमाई घेत.

काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेचे मूल त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतले. तोच यशवंत. मूल वाचले, इथवर दया पुरते. पुढचे काम वर्षानुवर्षांचे होते. त्यांनी त्याला आपले नाव दिले, शिकवले. १८८७ मध्ये जोतीरावांनी मृत्युपत्र करून त्याचा वारसाहक्क कागदावर पक्का केला. विधवेच्या मुलाला मुलगी द्यायला लोक तयार नव्हते. तेव्हा सत्यशोधक कार्यकर्ते ग्यानोबा ससाणे पुढे आले आणि १८८९ मध्ये त्यांच्या मुलीशी यशवंतचे सत्यशोधक पद्धतीने लग्न लागले.

पुढच्याच वर्षी, २८ नोव्हेंबर १८९० रोजी, जोतीराव गेले. यशवंत तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा. दत्तक मुलाच्या हक्कावरून भाऊबंदांनी अंत्ययात्रेतच वाद घातला. सावित्रीमाईंनी स्वतः टिटवे धरले आणि त्या पुढे चालू लागल्या. घरात ओढाताण असतानाही यशवंत वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झाला. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ आली, तेव्हा मायलेकांनी हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला सावित्रीमाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणले. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

आज बालगृहातील मुलाला अठरा पूर्ण झाले की बाहेर पडावे लागते. बाल न्याय कायद्यात त्यानंतर एकविसाव्या वर्षापर्यंत, अपवादात्मक परिस्थितीत तेविसाव्या वर्षापर्यंत, अनुरक्षणाची तरतूद आहे. पण भाड्याची खोली घेताना ओळख द्यायला, पहिल्या नोकरीत अडचण आली तर विचारायला, सणाला जेवायला बोलवायला कायदा येत नाही. तिथे माणूस लागतो.

जयंती-स्मृतिदिनाला आपल्या विहारातून बालगृहात वह्या आणि खाऊ जातो, ते चांगलेच आहे. त्याच बालगृहातून यंदा बाहेर पडणाऱ्या एखाद्या मुलाची वा मुलीची पुढची पाच वर्षे एखाद्या विहाराने, एखाद्या कुटुंबाने पाठराखण करावी. सावित्रीमाईंना तेच खरे अभिवादन ठरेल.

जय सावित्री! जय भीम!