उद्यावर टाकलेला ग्रंथ

काम उद्यावर ढकलण्याची सवय ही विद्यार्थ्यांची खोड आहे, असा एक सार्वत्रिक समज आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणारा विद्यार्थी सर्वांच्या नजरेत भरतो. गुरुजनांच्या कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेले हस्तलिखित मात्र कोणाला दिसत नाही. विश्वाच्या मध्यभागी पृथ्वीऐवजी सूर्याला स्थान देणाऱ्या निकोलस कोपर्निकसच्या बाबतीत हेच घडले. त्याच्या ग्रंथाला छापखान्यात जाण्याचा मुहूर्त तीन दशके लागत नव्हता. तो लागला एका पंचवीस वर्षांच्या तरुणामुळे, आणि लागला तेव्हा फार उशीर झालेला होता.

कोपर्निकसचा जन्म १९ फेब्रुवारी १४७३ रोजी पोलंडमधील टोरुन या व्यापारी शहरात झाला. तो दहा वर्षांचा असताना वडील वारले आणि मामा लुकास वाट्झेनरोडे याने त्याचा सांभाळ केला. हा मामा पुढे वार्मिया प्रांताचा बिशप झाला. भाच्याच्या शिक्षणात त्याने हात आखडता घेतला नाही. क्राकोव्ह, बोलोन्या, पादुआ आणि फेरारा अशा चार विद्यापीठांत कोपर्निकस शिकला. १४९१ मध्ये सुरू झालेले हे विद्यार्थीपण १५०३ मध्ये धर्मशास्त्रीय कायद्यातील डॉक्टरेट मिळेपर्यंत चालले. दरम्यान त्याने वैद्यकाचाही अभ्यास केला. मात्र त्याचे मन रमले ते आकाशात. ९ मार्च १४९७ च्या रात्री चंद्राआड जाणारी रोहिणीची तारका त्याने बोलोन्यात पाहिली आणि तिची नोंद केली.

मायदेशी परतल्यावर तो आधी मामाचा चिटणीस व वैद्य झाला. पुढे बाल्टिक किनाऱ्यावरील फ्रॉमबोर्क येथे त्याने मुक्काम हलविला. तेथील कॅथेड्रलच्या कारभारी मंडळाचे सभासदत्व त्याला आधीच मिळालेले होते. १५१४ च्या सुमारास त्याने काही पानांचे एक टिपण लिहिले. पृथ्वी दिवसातून एकदा स्वतःभोवती आणि वर्षातून एकदा सूर्याभोवती फिरते, हा विचार त्यात मांडलेला होता. टिपणाच्या हस्तलिखित प्रती त्याने मोजक्या परिचितांना दिल्या. गणिती सिद्धता मोठ्या ग्रंथासाठी राखून ठेवल्याचेही त्यात सांगितले. त्या ग्रंथाचे घोंगडे मग जे भिजत पडले, ते थेट त्याच्या अखेरीपर्यंत.

हा आळस होता, असे म्हणता येत नाही. कोपर्निकसचा दिवस इतरांच्या कामांनी भरलेला असे. मंडळाच्या जमिनींचा कारभार, शेतकऱ्यांना शेते नेमून देणे, बिशपांचे आणि आप्तेष्टांचे औषधपाणी ही कामे त्याच्याकडे होती. ट्यूटॉनिक सरदारांशी युद्ध पेटले तेव्हा १५२० मध्ये ओल्श्टिन शहराच्या बचावाची तयारीही त्यालाच करावी लागली. नाणेपद्धतीच्या सुधारणेवर त्याने निबंध लिहिला. यातील बहुतेक कामे वेळेवर हातावेगळी झाली. मागे राहिले ते एकच, सर्वांत मोठे.

त्याची कारणे दोन होती. पहिले कारण परिपूर्णतेचा हव्यास. १५१४ मध्ये दिनदर्शिकेच्या सुधारणेसाठी रोमहून मत मागविण्यात आले, तेव्हाही सूर्य आणि चंद्र यांच्या गती पुरेशा अचूक ठाऊक झाल्याशिवाय हे काम होणार नाही, अशी त्याची भूमिका होती. टॉलेमीच्या तोडीचा ग्रंथ हवा, तर प्रत्येक ग्रहाचे गणित निरीक्षणांशी जुळले पाहिजे, आणि ते कधीच मनासारखे जुळत नव्हते. दुसरे कारण भय. हे भय मुख्यतः विद्वानांच्या उपहासाचे होते. पायाखालची जमीन फिरते असे सांगणाऱ्याला लोक हसतील, हे त्याला पक्के ठाऊक होते. १५३६ मध्ये कार्डिनल शोनबर्ग यांनी रोमहून पत्र पाठवून त्याच्या संशोधनाची प्रत मागितली. जिवलग मित्र बिशप टीडेमान गीझे सतत आग्रह करीत होता. तरीही हस्तलिखित जागचे हलले नाही.

१५३९ च्या मे महिन्यात फ्रॉमबोर्कला एक पाहुणा आला. गेऑर्ग योआकिम ऱ्हेटिकस हा विटेनबर्ग विद्यापीठात गणित शिकविणारा अवघ्या पंचवीस वर्षांचा शिक्षक होता. कोपर्निकस तेव्हा सहासष्ट वर्षांचा होता. विटेनबर्ग हे ल्यूथरच्या सुधारणावादाचे माहेरघर होते आणि वार्मियाच्या कॅथलिक बिशपने ल्यूथरपंथीयांविरुद्ध नुकताच हुकूम काढला होता. तरीही वृद्ध गुरूने तरुण शिष्याला ठेवून घेतले. शिष्याने भेट म्हणून छापील ग्रंथ आणले होते. त्यांत टॉलेमी आणि युक्लिड यांचे ग्रीक ग्रंथ होते, तसेच न्यूरेंबर्गच्या योहान्नेस पेट्रेयस या मुद्रकाने छापलेली पुस्तकेही होती. उत्तम छपाई कोठे होऊ शकते, याचा तो न बोलता दिलेला पुरावाच होता.

अनेक वर्षे कोणालाही न जमलेले काम ऱ्हेटिकसने कामाचे तुकडे पाडून साधले. संपूर्ण ग्रंथ छापा, असा हट्ट धरण्याऐवजी त्याने आधी हस्तलिखित वाचले आणि काही महिन्यांत त्याचा सारांश लिहून काढला. ही छोटी पुस्तिका १५४० मध्ये डान्झिग येथे, म्हणजे आजच्या ग्दान्स्कमध्ये छापली गेली. उपहासाचे वादळ उठले नाही. उलट पुढच्याच वर्षी बाझेल येथे तिची दुसरी आवृत्ती निघाली. कोपर्निकसची भीड चेपली. गुरुशिष्य दोघांनी मिळून हस्तलिखिताची अखेरची तपासणी सुरू केली. १५४२ मध्ये ऱ्हेटिकसने त्रिकोणमितीचा भाग विटेनबर्गला स्वतंत्रपणे छापला आणि त्याच वर्षी मूळ ग्रंथ पेट्रेयसच्या छापखान्यात पोहोचला.

आता मात्र घाई नडली. लाइपझिग विद्यापीठातील नव्या जागेवर रुजू होण्यासाठी ऱ्हेटिकसला छपाई अर्ध्यावर सोडून जावे लागले. देखरेखीचे काम आंद्रेआस ऑसिअँडर या धर्मोपदेशकाकडे गेले. त्याने ग्रंथाच्या आरंभी स्वतःची एक निनावी प्रस्तावना घातली. हे सिद्धान्त खरे असण्याची गरज नाही, गणितासाठी सोयीचे असले म्हणजे पुरे, असा तिचा आशय होता. वाचकांना ती कोपर्निकसचीच वाटली. पृथ्वी खरोखर फिरते असे मानणाऱ्या माणसाच्या आयुष्यभराच्या ग्रंथावर पहिल्याच पानावर पाणी पडले. तिचा प्रतिवाद करण्याच्या स्थितीत लेखक नव्हता. १५४२ च्या अखेरीस त्याला पक्षाघात झाला होता. २४ मे १५४३ रोजी त्याचे निधन झाले. गीझेने लिहून ठेवल्याप्रमाणे पूर्ण छापलेला ग्रंथ त्याच्या दृष्टीस पडला तो त्याच अखेरच्या दिवशी. संतापलेल्या गीझेने न्यूरेंबर्गच्या नगरपरिषदेकडे दाद मागण्याची खटपट केली, परंतु उपयोग झाला नाही. प्रस्तावनेचा खरा लेखक कोण, हे केप्लरने १६०९ मध्ये छापून जाहीर केले.

कोपर्निकसने स्वतः लिहिलेल्या अर्पणपत्रात या विलंबाची कबुली आहे. लेखन नऊ वर्षे बाजूला ठेवावे, हा होरेसचा सल्ला होता. आपण ते चौपट काळ ठेवले, असे त्याने पोपला कळविले. त्या पत्रात मित्रांचे आभार आहेत, ऱ्हेटिकसचे नाव मात्र नाही.

कथेचा उत्तरार्ध विलक्षण आहे. गुरूला मार्गी लावणारा हा शिष्य स्वतः त्याच वाटेने गेला. ऱ्हेटिकसने त्रिकोणमितीच्या अतिसूक्ष्म कोष्टकांचे प्रचंड काम हाती घेतले. गणिते करण्यासाठी पगारी माणसे नेमली, परंतु वर्षांमागून वर्षे गेली तरी ते पुरे झाले नाही. १५७४ मध्ये व्हालेन्टिन ओटो हा तरुण त्याला शोधत आला. कोपर्निकसकडे गेलो तेव्हा आपणही याच वयाचे होतो, असे ऱ्हेटिकसने त्याला सांगितले. त्याच वर्षाच्या अखेरीस ऱ्हेटिकस मरण पावला. ओटोने ती कोष्टके प्रसिद्ध केली १५९६ मध्ये, म्हणजे आणखी बावीस वर्षांनी.

दोन्ही वेळा काम पुढे गेले ते दारात आलेल्या विद्यार्थ्यामुळे. कोपर्निकसकडे विद्वत्ता होती, चिकाटी होती, वेळही होता. नव्हते ते आणखी एक वर्ष. ते मिळाले असते, तर ग्रंथाचे पहिले पान त्याने स्वतः तपासले असते.