इग्नाझ सेमेलवाइस
इग्नाझ फिलिप सेमेलवाइस (१ जुलै १८१८, बुडा – १३ ऑगस्ट १८६५, व्हिएन्नाजवळील ड्यूब्लिंग) हे हंगेरियन प्रसूतितज्ज्ञ होते. रुग्णालयांत निर्जंतुक हातांचा आग्रह धरणाऱ्यांत ते अग्रणी मानले जातात.

१८४६ मध्ये ते व्हिएन्ना सार्वजनिक रुग्णालयाच्या पहिल्या प्रसूती विभागात साहाय्यक झाले. तेथे डॉक्टर व विद्यार्थी, तर दुसऱ्या विभागात सुइणी प्रसूती करीत. सूतिकाज्वराने होणारे मृत्यू पहिल्या विभागात बरेच अधिक होते. मार्च १८४७ मध्ये त्यांचे सहकारी याकोब कोलेत्श्का शवविच्छेदनाच्या वेळी सुरीची जखम होऊन तशाच विकाराने मरण पावले. यावरून, शवविच्छेदन करून आलेल्यांच्या हातांवाटेच रोग मातांपर्यंत पोहोचतो, असा निष्कर्ष सेमेलवाइस यांनी काढला. मे १८४७ मध्ये त्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये सुमारे १८ टक्के असलेला मृत्युदर जूनमध्ये सुमारे २ टक्क्यांवर आला.

उपचार करणारेच मृत्यूस कारण ठरतात, हे अनेक वैद्यांनी मान्य केले नाही. सेमेलवाइस यांचा सविस्तर ग्रंथही १८६१ पर्यंत लांबला. १८६५ मध्ये त्यांना मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. तेथे दोन आठवड्यांतच जखमेतील संसर्गाने त्यांचा मृत्यू झाला. पुढे जंतुसिद्धान्तामुळे त्यांच्या नियमामागील कारण स्पष्ट झाले.