मराठी चर्चला स्वतःचा सूर देणारे रेव्हरंड टिळक

कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. या निर्णयामुळे आप्तस्वकीय दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई यांच्याशीही सुमारे पाच वर्षांचा वियोग घडला. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) ही टिळकांची कर्मभूमी. चर्चच्या उपासनेत पाश्चात्त्य चालींवरील अनुवादित गीते रूढ असताना त्यांनी अभंग, भजन व कीर्तनाची परंपरा तेथे रुजवली. १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. मराठी चर्चमधून त्यांची भजने आजही गायली जातात.