अनुताई वाघ

आधी शाळा, मग महाविद्यालय आणि शेवटी अध्यापनाचे प्रशिक्षण, हा शिक्षक होण्याचा परिचित क्रम आहे. अनुताई वाघ यांच्या आयुष्यात मात्र हा क्रम बदलला. त्यांनी प्रशिक्षण आधी घेतले, नोकरी करता करता मॅट्रिकची परीक्षा दिली आणि पदवी मिळवली तेव्हा त्यांचे वय ५१ वर्षांचे होते.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. त्या काळच्या रूढीनुसार तेराव्या वर्षी त्यांचा विवाह झाला आणि सहा महिन्यांच्या आतच त्यांना वैधव्य आले. बालविधवेच्या वाट्याला तेव्हा बहुधा परावलंबी जिणे येई. अनुताईंनी मात्र शिक्षणाची वाट धरली. १९२५ साली त्या व्हर्नाक्युलर फायनल ही परीक्षा उत्तीर्ण झाल्या. ही परीक्षा दिलेल्यांना मॅट्रिक न होताही प्राथमिक शिक्षकाचे प्रशिक्षण घेता येत असे. स्वतःच्या पायांवर उभे राहू पाहणाऱ्या स्त्रियांना या सोयीचा मोठा आधार होता. अनुताईंनी पुण्यात हे प्रशिक्षण १९२९ साली पूर्ण केले आणि त्या शिक्षिका झाल्या.

प्रथम नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे आणि नंतर पुण्याच्या हुजूरपागा शाळेत त्यांनी अध्यापन केले. दिवसा मुलींना शिकवायचे आणि रात्री स्वतः रात्रशाळेत विद्यार्थिनी म्हणून बसायचे, असा त्यांचा दिनक्रम झाला. १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या.

१९४५ साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांच्यासोबत काम करण्यासाठी त्या बोर्डी या गावी गेल्या. पुढे हे कार्य जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले. हा सारा परिसर वारली आदिवासींचा. तेथे अनुताईंच्या अनुभवाची खरी परीक्षा झाली. मुले गुरे राखत, धाकट्या भावंडांना सांभाळत. त्यामुळे ती शाळेत येत नसत. शहरातील शाळेची पद्धत येथे उपयोगाची नव्हती. मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांकडे जावे, हा ताराबाईंचा विचार होता. तो प्रत्यक्षात आणण्यासाठी अनुताई पाड्यापाड्यांवर गेल्या. घराच्या अंगणात बालवाडी भरू लागली आणि गुरे चरत त्या कुरणातच शाळा भरू लागली. महागड्या साधनांऐवजी बिया, पाने, शिंपले आणि खडे यांच्या साहाय्याने मुले मोजायला व ओळखायला शिकली. अनेक वर्षे शिकवलेल्या या शिक्षिकेने नव्याने शिकायला कमीपणा मानला नाही.

हे काम सांभाळूनच १९६१ साली त्यांनी पदवी संपादन केली. १९७३ मध्ये ताराबाईंचे निधन झाल्यावर संस्थेची धुरा त्यांनी वाहिली. बालवाडी चालवण्यासाठी त्यांनी स्त्रियांना तयार केले. एके काळी आपल्याला जी वाट सापडली, ती त्यांनी इतरांसाठी रुंद केली. १९८५ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरवले. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

अंगणात भरणाऱ्या बालवाडीतून पुढे आलेला अंगणवाडी हा शब्द आज देशभर रूढ आहे. शिक्षणात पडलेला खंड म्हणजे शिक्षणाचा शेवट नव्हे, हे अनुताईंनी आपल्या जीवनातून दाखवून दिले. प्रत्येक परीक्षेनंतर त्यांच्या हाती एक प्रमाणपत्र आले. पण त्यांचे शिकणे त्या प्रमाणपत्रापाशी थांबले नाही.